झोपेचा हिशेब

पुण्याच्या दुपारच्या झोपेवर आजवर इतके विनोद झाले आहेत की, एखाद्या दुसऱ्या शहराची झोप त्या हशानेच केव्हाच उडाली असती. पुणेकर मात्र पाटी लावून निवांत झोपत राहिला. ‘दुकान १ ते ४ बंद राहील’ या पाटीत परगावच्या माणसाला उर्मटपणा दिसतो. मला तीत एक प्रकारचा प्रामाणिकपणा दिसत आला आहे. झोपायचे तर दार लावून, दिवा मालवून, गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगून झोपावे. गल्ल्यावर बसून पेंगू नये आणि पेंगत असताना आपण जागे आहोत असा आव तर मुळीच आणू नये, एवढेच त्या पाटीचे म्हणणे. २०१७ साली चितळे बंधूंनी दुपारीही दुकान उघडे ठेवायचे ठरवले, तेव्हा त्याची वर्तमानपत्रांत बातमी झाली. बाकरवडीची सोय झाली याचा आनंद कुणाला होणार नाही? पण वामकुक्षीचे एक पर्व संपले, अशी हुरहुरही त्या आनंदात थोडी मिसळलेली होती.

आपल्या भाषेने झोपेचा किती बारकाईने विचार केला आहे पाहा. पेंग वेगळी, डुलकी वेगळी, गुंगी वेगळी. ‘जरा डोळा लागला’ म्हणणारा माणूस आणि ‘गाढ झोपलो होतो’ म्हणणारा माणूस हे दोन निराळ्या गावांहून परतलेले असतात. पहाटेची ती साखरझोप, जेवणानंतरची ती वामकुक्षी. आणि संस्कृत सुभाषितकाराने विद्यार्थ्याच्या पाच लक्षणांत घातलेली श्वाननिद्रा तर सर्वांना ठाऊकच आहे. डोळे मिटलेले, पण कान उघडे. इतके शब्द लागतात याचे कारण उघड आहे. घरात कोण कसा झोपला आहे हे इतरांना माहीत असावे लागते. पेंगणाऱ्याला हाक पुरते, गाढ झोपलेल्याला गदागदा हलवावे लागते आणि श्वाननिद्रेतल्या माणसाला शेजारून मांजर गेले तरी जाग येते.

हे सारे मनात यायला निमित्त झाले ते एका लॅपटॉपचे. त्याच्या पडद्यावरच्या यादीत झोपेसाठी एकच शब्द आहे: ‘स्लीप’. त्या एका शब्दामागे दोन अगदी निरनिराळ्या झोपा दडलेल्या असतात, हे उमगायला आमच्या घराला एक अख्खा पावसाळा लागला.

झाले असे की, माझ्या लॅपटॉपची बॅटरी रात्रीत आटू लागली. रात्री अकराला दुसऱ्या दिवसाची टिपणे पुरी करून मी झाकण मिटत असे, तेव्हा कोपऱ्यात ८२ टक्के हा आकडा दिसे. सकाळी सहाला झाकण उघडावे तो ५१! मधल्या सात तासांत त्याच्यावर कुणी एक अक्षर उमटवलेले नसे. यंत्र मेजावर गुमान पडलेले, पडदा काळा, पंखा बंद. झोपलेले म्हणतात ते याहून काय निराळे? पण पिशवीतून कॉलेजात नेऊन बाहेर काढावे, तर ते हाताला कोमट लागे, तापातल्या मुलाच्या कपाळासारखे. संत वाङ्मयाच्या तासाला पडद्यावर हस्तलिखिताचे पान दाखवावे आणि मुलांनी माना पुढे काढून ती मोडी वळणे पाहू लागावे, नेमक्या त्याच वेळी पडदा डोळे मिटून घेई.

तपकीर गल्लीतल्या एका दुकानात मी ते यंत्र दाखवले. दुकानदाराने ते हातात घेऊन उलटे केले आणि फार तर तीन सेकंदांत निदान सांगितले: “बॅटरी गेली. बदलून टाका, ताई.” विचार करून येते, असे सांगून मी घरी आले.

त्या दिवसांत घरातही एका निदानाची चर्चा चालू होती. गेल्या चैत्रात माझे सासरे, आमचे अण्णा, न्हाणीघरात घसरून पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, ते काठी धरून चार पावले टाकू लागले. पण रात्री उठायचे तर आधार हवाच. हा आधार देण्याचे काम चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाईंनी स्वतःकडे घेतले होते आणि ते त्या कुणालाही वाटून द्यायला तयार नव्हत्या. “त्यांचा आवाज मला कळतो, तुम्हांला कळायचा नाही,” या एका वाक्यावर आमचे सगळे प्रस्ताव फेटाळले जात. आषाढापर्यंत त्यांचे वजन चार किलोंनी उतरले. जिना चढताना त्या मधल्या पायरीवर थांबू लागल्या. डॉक्टरांनी रक्त तपासले, साखर पाहिली, थायरॉइड पाहिले; सगळे व्यवस्थित. नातेवाइकांचा सल्ला मात्र तपकीर गल्लीइतक्याच वेगाने येई: एखादे टॉनिक सुरू करा.

अशा वेळी आमचा भाचा आला. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि शनिवारी आजीच्या हातचे जेवायला येतो. त्याने माझी तक्रार ऐकली आणि म्हणाला, “मामी, बॅटरी बदलायची घाई करू नकोस. ती खरंच आजारी आहे का, ते आधी पाहू.”

त्याने पडद्यावर एक काळी चौकट उघडली आणि तीत ‘पॉवरसीएफजी’ असा शब्द लिहून पुढे तिरपी रेघ ओढून ‘बॅटरीरिपोर्ट’ असे टंकले. क्षणात एक कागद तयार झाला. विंडोजवर चालणाऱ्या प्रत्येक लॅपटॉपात ही सोय असते. आपल्याला ती कुणी सांगत नाही इतकेच. त्या कागदावर दोन आकडे होते. बॅटरी नवी होती तेव्हा तिच्यात ५० वॅट-तास वीज मावत असे. आज ४६ मावते. “चार वर्षांत एवढी झीज म्हणजे काहीच नाही,” भाचा म्हणाला. “बॅटरी धडधाकट आहे. ती रात्री कशाला तरी खर्च होतेय. आता हिशेब कर: ४६चे ३१ टक्के म्हणजे साधारण १४ वॅट-तास. ते सात तासांत गेले. म्हणजे तासाला दोन वॅट. आपल्या देवघरातला तो रात्रीचा छोटा दिवा आहे ना, अर्ध्या वॅटचा? तसले चार दिवे हा लॅपटॉप पोटात लावून झोपतोय.”

दिवे लावून झोपणाऱ्याला झोपलेला म्हणायचे कसे, असा प्रश्न मी मराठीच्या शिक्षकाला साजेल अशा रीतीने विचारला आणि मग त्याने मला यंत्राच्या झोपेचा इतिहास सांगितला. तो मला फार उद्बोधक वाटला, म्हणून थोडक्यात देते.

संगणकाची चालू आठवण, म्हणजे आपण उघडलेली टिपणे, अर्धवट लिहिलेले वाक्य, हे सारे ज्या चिपांत असते, तिथे ते विजेच्या अतिसूक्ष्म साठ्यांच्या रूपात ठेवलेले असते. ही युक्ती आय.बी.एम.मधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची. १९६८ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. पण हे साठे गळके. ओंजळीतल्या पाण्यासारखे ते निसटत राहतात. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाला सुमारे १५ वेळा, सगळे पुन्हा वाचून पुन्हा भरून ठेवावे लागते. लहानपणी परीक्षेच्या वाटेवर आपण सनावळी पुटपुटत जात असू, तसेच हे. पुटपुटणे थांबले की विसरले! तेव्हा आठवण जिवंत ठेवायची तर काही वीज लागणारच.

१९९६च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी मिळून यंत्रांच्या झोपेचे नियम ठरवले आणि झोपेच्या पायऱ्यांना क्रमांक दिले. त्यांतली तिसरी पायरी, ‘एस ३’, हीच पुढे अनेक वर्षे आपल्या लॅपटॉपची नेहमीची झोप होती. तीत पडदा, पंखा, मुख्य प्रोसेसर या साऱ्यांची वीज तोडलेली असे. वीज मिळे ती मुख्यतः त्या पुटपुटणाऱ्या आठवणीला. चौथी पायरी याहून गाढ. तिचे नाव ‘हायबरनेट’, म्हणजे अस्वलाची हिवाळी झोप. तीत यंत्र झोपण्यापूर्वी आपली सगळी आठवण तबकडीवर नीट लिहून काढते, मग दिवाबत्ती पूर्ण बंद करते. पुटपुटायची गरजच नाही, कारण आता सगळे लिहिलेले आहे. जागे व्हायला थोडा अधिक वेळ लागतो, पण तशी झोप चार दिवस घेतली तरी बॅटरी जवळजवळ होती तिथेच राहते.

मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय अशा चार अवस्था सांगितल्या आहेत. ‘एस ३’ म्हणजे आमच्या दृष्टीने सुषुप्ती. मग बिघडले कुठे? भाच्याच्या मते बिघडले ते मोबाइलमुळे. मोबाइल खिशात निजलेला दिसतो. पण संदेश आला की तत्क्षणी ओ देतो. लोकांना वाटू लागले की लॅपटॉपनेही तसेच वागावे. झाकण उघडताच तो तयार हवा आणि मिटलेला असतानाही त्याने टपाल आणून ठेवलेले हवे. म्हणून २०१२ साली विंडोज ८ बरोबर एक नवी झोप आली आणि २०१५ साली विंडोज १० मध्ये तिला ‘मॉडर्न स्टँडबाय’ असे नाव मिळाले. अॅपलनेही २०१२ सालीच आपल्या मॅकला झोपेत टपाल पाहायला शिकवले आणि त्या सोयीला ‘पॉवर नॅप’ असे, म्हणजे डुलकीचेच, नाव दिले. या नव्या झोपेत यंत्र खरोखर झोपत नाही. पडदा काळा करून ते अगदी कमी विजेवर जागे राहते आणि अधूनमधून डोळे किलकिले करून आसपास पाहते. पुष्कळशा नव्या लॅपटॉपांतून जुनी ‘एस ३’ काढूनच टाकलेली असते. पडद्यावरच्या यादीतला शब्द मात्र तोच राहिला: ‘स्लीप’. शब्द कायम ठेवून त्याखालचा अर्थ बदलला की किती गोंधळ होतो, हे भाषेच्या अभ्यासकाला निराळे सांगायला नको. मी त्या नव्या अवस्थेचे मराठीत नामकरणही करून टाकले: श्वाननिद्रा.

श्वाननिद्राही वाईट नाही. सारे सुरळीत असेल तर तीत रात्रीतून दोनचार टक्केच जातात. पण कुत्रा राखणीला ठेवायचा आणि घर मात्र हमरस्त्यावर असायचे, अशी गत झाली की त्या बापड्याने झोपावे केव्हा? भाच्याने आता दुसरा कागद काढला. या वेळी तिरप्या रेघेपुढे शब्द होता ‘स्लीपस्टडी’. त्यात आदल्या तीन रात्रींची नोंद होती: यंत्र किती वाजता झोपले, किती टक्के वेळ गाढ होते, किती वीज गेली आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याला कुणी उठवले. ज्या रात्री झोप चांगली झाली तिची पट्टी हिरवी, जिच्यात खोबरे झाले तिची लाल. आमच्या तिन्ही रात्री लालभडक होत्या. गुन्हेगार दोन निघाले. एक, वाय-फायचा भाग. तो रात्रभर दारात उभा राहून ‘काही टपाल?’ असे विचारत होता. दुसरा, फायली दूरच्या साठवणीत चढवणारा एक कार्यक्रम. तो दर थोड्या वेळाने उठून ‘काही बदलले का?’ म्हणून कपाटे तपासत होता. रात्री अडीच वाजता माझ्या टिपणांत काय बदलणार होते?

मग उपाय सोपे होते. भाच्याने उत्पादकाने दिलेल्या नव्या दुरुस्त्या आधी चढवल्या, कारण पुष्कळदा दोष तिथेच मिटतो. झोपेत नेटशी संपर्क नको, असे सांगितले. त्या कार्यक्रमाची पडद्याआड चालण्याची परवानगी काढून घेतली. माउसचे यू.एस.बी.तले बोंडूक रात्री काढून ठेवायला बजावले. माउसला धक्का लागला तरी कित्येक यंत्रे जागी होतात. त्या रात्री ३१ऐवजी ६ टक्के गेले. दुसऱ्या दिवशी त्याने कंट्रोल पॅनेलमधल्या विजेच्या पानावर जाऊन लपवून ठेवलेले ‘हायबरनेट’ यादीत आणले आणि झाकण मिटले की यंत्राने तीच झोप घ्यावी असे ठरवून दिले. रात्रीचे ८२ सकाळी ८२च होते. नव्या बॅटरीचे पैसे वाचले हे तर झालेच. पण दुखणे अंगात नसून दारावरच्या थापांत होते, हे मला अधिक मोलाचे वाटले.

दोन वॅट म्हणजे काय मोठेसे, असे कुणी म्हणेल. पण घराघरांतून टीव्ही, चार्जर, राउटर यांचे असे मिणमिणते जागरण चालू असते आणि थेंबाथेंबाने त्याचे तळे साचते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ साली असा प्रस्ताव मांडला की, वाट पाहत बसलेल्या उपकरणाने एका वॅटहून अधिक वीज खाऊ नये. पुढे अनेक देशांनी त्याबरहुकूम नियम केले. नुसते वाट पाहत बसणे हेही काम आहे आणि त्याला खर्च येतो, ही गोष्ट जगाने अशी कागदावर मान्य केली.

हा सारा संवाद स्वयंपाकघरातल्या मेजाशी चालला होता आणि पलीकडे सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्या ऐकत असतील असे मला वाटले नव्हते. मेथीची जुडी संपल्यावर त्यांनी हात झटकले आणि नातवाला म्हणाल्या, “अरे, हे तर माझ्यासारखंच झालं की! मलाही तो कागद काढून दे.”

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. “चेष्टा नाही करत. डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही. मग रात्री मला कोण उठवतं, ते नको का बघायला?”

भाच्याने विचार करून सांगितले, “आजी, तुझा कागद तुलाच लिहावा लागेल. आज रात्री जितक्या वेळा जाग येईल, तितक्या वेळा घड्याळ बघ आणि कशानं जाग आली ते लिही.”

दुधाच्या हिशेबाची वही उशाशी गेली. रविवारी सकाळी भाचा पुन्हा हजर. वहीच्या मागच्या पानावर शिसपेन्सिलीने अकरा नोंदी होत्या, आणि सासूबाईंचे अक्षर अजूनही शाळेतल्या कित्त्यासारखे वळणदार असल्याने त्या वाचायला त्रास पडला नाही. ११.४०: यांनी कूस बदलली. १२.१५: टोरंटोहून धाकट्याने फोटो पाठवला, फोन वाजला. १२.५०: लिफ्टचे दार. १.३०: यांना उठवून नेऊन आणले. २.१०: पावसाची सर, गॅलरीत कपडे आहेत का पाहिले. २.४०: पुन्हा फोन. ३.००: काही नाही. ३.२५: रक्तदाबाची गोळी सहाला की साडेसहाला ते आठवत होते. ४.०५: पाण्याचा पंप. ४.३०: यांना पाणी दिले. ५.१०: दूधवाला.

भाच्याने लाल-हिरव्या पेन्सिली घेतल्या. अकरांपैकी दोनच वेळा अण्णांना खरोखर काही हवे होते. त्या दोन ओळी त्याने हिरव्या केल्या. उरलेल्या नऊ. त्या वहीकडे पाहताना घरात कुणी काही बोलले नाही. चार महिन्यांच्या रात्री मनातल्या मनात गुणून पाहायचा मोह मी आवरला.

मग त्या नऊ ओळी एकेक करून हाती घेतल्या. फोन रात्रभर उशाशी असे तो टोरंटोच्या मुलासाठी. तिथला दिवस आपल्या रात्रीत उगवतो. फोनला आता असे बजावले आहे की, मुलाने प्रत्यक्ष फोन केला तरच वाजायचे, फोटोंनी सकाळपर्यंत थांबायचे. गॅलरीतले कपडे दहाच्या आत घरात आणायचे काम ह्यांच्याकडे आले. औषधांची वेळ सासूबाई रात्रभर मनात घोकत होत्या, अगदी त्या गळक्या चिपांसारखी. ती मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दारावर लावली आणि दिलेल्या गोळीपुढे खूण करायची असे ठरले. ती पाटी लागल्यापासून सव्वातीनचे घोकणे बंद झाले. लिहून ठेवलेली गोष्ट मनाला धरून ठेवावी लागत नाही, हे मी वर्गात वाङ्मयाच्या संदर्भात सांगत आले आहे. त्याचा असा रोकडा प्रत्यय क्वचित येतो.

राहिला कान. अण्णांची हालचाल ऐकण्यासाठी सासूबाईंचा कान रात्रभर उघडा असे, आणि उघड्या कानात लिफ्टही शिरते, पंपही शिरतो. भाच्याने बिनतारी घंटा आणली. कळ अण्णांच्या उशाशी, घंटा सासूबाईंच्या. पहिल्या दोन रात्री अण्णांनी ती दाबली नाही. “हॉटेलातल्या पोऱ्याला बोलावल्यासारखं वाटतं,” ते म्हणाले. तेव्हा सासूबाईंनी त्यांना जे सांगितले, ते मला एखाद्या ग्रंथात सापडले असते तर मी खाली रेघ ओढली असती. त्या म्हणाल्या, “तुम्ही दाबाल याची खात्री असेल, तर मला झोप लागेल. तुम्ही दाबणार नाही असं वाटलं, तर मी ऐकतच राहणार.” तिसऱ्या रात्री घंटा वाजली. आठवड्यातल्या दोन रात्री ती घंटा आता ह्यांच्या उशाशी असते आणि शनिवारची भाच्याच्या. तो अण्णांना हात देऊन उठवतो आणि परतताना आजोबा-नातवाची क्रिकेटवर दोन वाक्ये होतात, असे कळते.

श्रावण संपता संपता वहीतल्या अकराच्या चार झाल्या. वजन दोन किलोंनी परत आले. सासूबाई पुन्हा सकाळी सारसबागेपर्यंत जाऊन येऊ लागल्या. टॉनिकची बाटली नातेवाइकांनी आणून दिली होती, ती कपाटात तशीच सीलबंद आहे.

एक ओळ मात्र आजही तशीच आहे: ३.००: काही नाही. पहिल्याच दिवशी भाचा तिथे पेन्सिल घेऊन अडला होता. “आजी, तीनला काहीच झालं नाही, मग तू का उठलीस?”

सासूबाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “श्वास चालतोय ना, बघते.”

त्याने दोन्ही पेन्सिली खाली ठेवल्या. “ती तेवढी राहू दे हं,” त्या म्हणाल्या. यंत्रांनाही असे काही लागतेच, असे भाच्याने मला नंतर सांगितले. झोपेचा खर्च अगदी शून्यावर आणायचा, तर आठवणीची वीजही तोडावी लागते. आणि जिथे काही हाताशी, जिवंत धरून ठेवायचे असते, तिथे थोडी वीज जाणारच. प्रश्न असतो तो बाकीच्या गळतीचा.

दिवाळीच्या दिवसांत हे लिहिताना समोर पंचांग उघडे आहे. आपण पणत्या लावतो, फटाके उडवतो. पण पंचांगाप्रमाणे विष्णू अजून निजलेलेच आहेत. आषाढी एकादशीला ते झोपले, भाद्रपदातल्या परिवर्तिनी एकादशीला त्यांनी कूस बदलली आणि आता दिवाळी उलटल्यावर कार्तिकी एकादशीला ते उठतील. झोपण्याची, कूस बदलण्याची आणि उठण्याची अशी तिथीवार नोंद ज्याची ठेवली गेली, असा झोपणारा दुसरा कुणी नाही. चित्रात पाहावे, तर त्यांच्या पायांशी लक्ष्मी बसलेली असते. पाय चेपत, टक्क जागी. तिच्या झोपेची एकादशी मात्र कोणत्याही पंचांगात छापलेली नाही.

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस कोजागरी येते. त्या रात्री लक्ष्मी घरोघर ‘कोण जागे आहे?’ असे विचारत फिरते आणि जो जागा असेल त्याला धन देते, असे सांगतात. आटीव दुधाचा पेला हातात घेऊन मीही आजवर तेच मानत आले. यंदा मात्र गच्चीवर चांदण्यात बसले असताना वाटले, ती वाटायला निघालेली नसेलही. इतक्या रात्रींनंतर ती कदाचित एवढेच पाहत असेल, की घटकाभर आपल्या जागी बसायला कुणी जागे आहे का.